सात कापलेली दावी

आमच्या घरात दिवसाचा पहिला वाद दुधावरून होतो. गेला दीड महिना रोज होतोय. पाकिटाच्या दुधाचा चहा समोर ठेवला की आमचे हे कपात डोकावतात आणि विचारतात, "हे दूध आहे की दुधाचा फोटो?" लेक म्हणते, "बाबा, प्या ना गुपचूप." सायीचं भांडं आता रिकामंच असतं, तरी मी ते रोज विसळून पालथं घालते. हाताला सवय झालीय, त्याला काय करणार.

त्या मंगळवारी डब्याचं झाकण लागत नव्हतं, ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता, कुकरची शेवटची शिट्टी व्हायची होती, आणि दार वाजलं. बेल असताना कुणीतरी बोटांच्या पेरांनी, हळूच, दोनदा वाजवलं आणि थांबलं. तिसऱ्यांदा वाजवायचा धीर नसलेलं माणूस, एवढं मला आतूनच कळलं.

उघडलं तर दूधवाल्या मावशी.

चौदा वर्षं त्यांनी आमच्याकडे दूध घातलं, पण दार कधी वाजवलं नव्हतं. फाटकावर कॅनचं झाकण दोनदा आपटायचं आणि मी पातेलं घेऊन बाहेर जायचं, असा आमचा शिरस्ता. मला उशीर झाला तर तिसऱ्यांदा झाकण वाजायचं आणि सोबत आरोळी, "ताई, वासरं उठली, तुम्ही कधी उठणार?" अख्खी गल्ली हसायची. माप ओतून झालं की वर आणखी एक धार, मोजणीबाहेरची. सुरुवातीला एकदा मी शहाणपणा करून विचारलं होतं, "मावशी, पाणी नाही ना घालत?" त्यांनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं, दूध परत कॅनमध्ये ओतलं, "शंका असेल ते पोटात घालू नये," म्हणाल्या आणि चालत्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मी फाटकाबाहेर उभी राहून माफी मागितली, तेव्हा कुठे दूध मिळालं.

आज कॅन नव्हता, पण उजवा खांदा कॅन असल्यासारखा खालीच होता. हातात पेंडीची रिकामी गोणी, तोंड सुतळीने आवळलेलं.

"ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे ना?"

"आधी आत या."

"आत नको. चपला चिखलाच्या आहेत."

चपलांचा चिखल कधीचाच वाळलेला होता. मी त्यांना हाताला धरून आत घेतलं. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या, गोणी पायांत घेतली. ह्यांनी मोजा शोधायचं सोडून एका पायात मोजा घालूनच नमस्कार केला. मी चहा दिला. एक घोट घेऊन मावशींनी कपाकडे पाहिलं.

"पाकिटातलं?"

"हो."

"चांगलं असतं हो तेही," नावडत्या सुनेचं कौतुक करावं तसं त्या म्हणाल्या. मग कप खाली ठेवला. "आज शेवटची तारीख आहे, ताई. साडेपाचला खिडकी बंद. पुराच्या मदतीचा अर्ज. मला वाचता येतं, पण लिहायला बसलं की हात मास्तरणीसारखा अडून बसतो. हलतच नाही."

मास्तरीण म्हणजे त्यांची एक गाय. समोरच्याने गृहपाठ केलेला नाही अशा नजरेने बघायची म्हणून मास्तरीण. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. चौदा वर्षं जिचं दूध प्यायलो, ती कशी दिसते हे बघायला नदीकाठच्या गोठ्यापर्यंत, वीस मिनिटं चालत, मी कधी गेले नव्हते. पण सगळ्या जणी मला ऐकून पाठ होत्या. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेली गोगलवाली, नावाला जागणारी लाथाळी, थोरली, धाकटी, कधी हंबरायची नाही ती मुकी. आणि एक नवी, पुराच्या तीन आठवडे आधीच आणलेली, तिचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं.

सातही गेल्या. एवढं सगळ्या गल्लीला माहीत होतं. कशा गेल्या ते मात्र मी त्या सकाळी ऐकलं.

पुराच्या दिवशी दुपारचे अडीच वाजले होते. वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा झाला, तेव्हा मावशी भांडी धूत होत्या. भोंगे आधीही दोनदा झाले होते आणि पाणी काठाशी येऊन मागे फिरलं होतं. या वेळी ते फिरलं नाही. त्या गोठ्यात पोचल्या तेव्हा घोट्याएवढं होतं, पहिल्या गाईच्या गाठीला हात घालेपर्यंत गुडघ्याला लागलं. नवरा घरीच होता, कंबरेचं हाड मोडल्यापासून काठीशिवाय उठता येत नाही त्याला. मावशी एकट्या.

"गाठ सुटेना, ताई. एकही सुटेना."

इथे त्यांच्या दाव्यांबद्दल सांगायला हवं. मावशी शिंप्याच्या घरच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा गाय बघून खाटेवर चढून बसल्या होत्या, असं त्यांचा नवरा अजून चारचौघांत सांगतो. सासूने दुसऱ्याच दिवशी गाईजवळ नेऊन बसवलं आणि म्हणाली, "घाबरतेस, तर तिला कळू देऊ नकोस. तीही तुला घाबरलीच आहे." महिनाभरात धार काढायला शिकल्या. पण नायलॉनच्या दोरीने गाईच्या मानेला पडलेले वळ बघून त्यांचा जीव कळवळायचा. वडिलांकडे चिंध्यांना तोटा नव्हता. त्यांनी चिंध्यांच्या पट्ट्या कापून, पीळ देऊन, तीनपदरी वेणी घातली. मऊ आणि रुंद. तेव्हापासून त्यांच्या गोठ्यात सगळी दावी कापडाचीच. नवऱ्याचे शर्ट, मुलीचे शाळेचे गणवेश, आणि गिऱ्हाइकांनी दिलेले जुने पडदे. शेजारचे गोठेवाले हसायचे, "वहिनी, गाई बांधता की गाद्या शिवता?" गाईंच्या मानेवर एक ओरखडा नव्हता. तीस वर्षांत एक नाही.

आणि तेच कापड भिजून फुगलं. नायलॉनच्या दोरीला कडी असते, एका बोटाने निघते. कापडाची गाठ पाण्यात अशी आवळली की दात लावले तरी हलेना. मावशी तशाच वळल्या, गवताचा विळा आणला, आणि एकेक दावं कापत सुटल्या. सातवं कापलं तेव्हा पाणी छातीला होतं.

"कापून काय उपयोग? त्या जाईनात. गोठ्यातल्या गाईला वाटतं, हेच घर, इथेच सगळं ठीक आहे. ढकललं, ओरडले. मग..." त्या थांबल्या. "मग मारलं. विळ्याच्या दांड्यानं. तीस वर्षांत कुणावर हात उचलला नव्हता. मारून मारून बाहेर काढल्या. मास्तरीण गेली आणि परत आली, ताई. पाण्यातून पोहत परत खुंट्याशी आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला पुन्हा मारली."

कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही.

मावशींना त्यांच्या गाईंसारखंच पाण्याने उचललं. त्या गोठ्याच्या पत्र्याला धरून राहिल्या, संध्याकाळी होडीवाल्यांनी त्यांना बाहेर काढलं. पाणी उतरल्यावर अकरा दिवस त्या काठाकाठाने चालत गेल्या. कुणाच्या रानात, कुणाच्या गोठ्यात एखादी तरी पोचली असेल. पुलाखाली एक सापडली, गोगलवाली. कानातला बिल्ला कुठेतरी अडकून तुटला होता. मावशी माणसांना बोलावून आणेपर्यंत सफाईच्या लोकांनी चुना टाकून तिला पुरून टाकलेलं. बाकीच्या सहांचा मागमूस नाही.

"आता जागेचा मालक म्हणतो, गाई असतील तर गोठा, नसतील तर मला तिथे गाड्या उभ्या करायच्या आहेत. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. मदत मिळाली तर दोन दुभत्या येतील. दोन आल्या की गोठा राहील. आणि हे," नवऱ्याचा उल्लेख त्या असाच करतात, "पहाटे चारला उठून रिकाम्या गोठ्यात बादली घेऊन बसतात. मी विचारलं, काय करता? म्हणाले, वेळ झाली म्हणून आलो."

मी लेकीच्या वहीतले चार कोरे कागद घेतले. कॉलेजात निबंधाला बक्षिसं मिळवलेली बाई मी. किती वर्षांत असं लिहायची वेळ आली नव्हती. मन लावून लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे, कारण ते विसरायचा मी फार प्रयत्न केला. "अर्जदार महिलेने स्वतःच्या जिवाची पर्वा न करता, छातीइतक्या पाण्यात शिरून, विळ्याने सातही जनावरांची दावी कापून त्यांना मोकळे केले." मोठ्याने वाचून दाखवलं. मावशी ऐकत राहिल्या.

"असं लिहिलं की खरंच काहीतरी मोठं केल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. मग पायांतली गोणी थोपटली. "आणि पुरावा पण आणलाय."

"काय आहे?"

"दावी. सातही. खुंट्यालाच राहिली होती, पंचनाम्याची माणसं यायच्या आधी गोळा करून, धुऊन ठेवली."

हे पलीकडून म्हणाले, "वा, हे बरं केलंत." आम्हा तिघांपैकी एकालाही शंका आली नाही. खरं तेच लिहिलंय आणि खऱ्याचा पुरावा गोणीत आहे, मग काळजी कसली? डब्यावर झाकण ठेवून मी मावशींबरोबर निघाले.

मदत कक्ष म्हणजे सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. तीन खिडक्या, एक चालू. आमचा नंबर त्रेसष्ट, चालू होता एकोणीस. बाकांवर माणसं मांडीवर कागदांच्या पिशव्या घेऊन बसलेली. मोबाइल हातोहात फिरत होते. कुणाची म्हैस, कुणाच्या शेळ्या, पोटं फुगलेल्या, पाय ताठ. "यात कानातला बिल्ला दिसतोय का बघा." "दिसतोय, पण नंबर वाचता येत नाही." "माझा बघा, स्पष्ट आलाय." ज्याचा फोटो स्पष्ट, त्याच्याकडे लोक जरा हेव्याने बघत होते. मावशींकडे फोटो नव्हता. त्यांच्याकडे जनावरांच्या दवाखान्याचं पुस्तक होतं, त्यात सातही बिल्ल्यांचे नंबर आणि डॉक्टरचा शिक्का. ते त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी छातीशी धरलेली.

दुपारी त्यांच्या शेजारचा गोठेवाला दिसला. त्याची अकरा जनावरं गेली होती. त्याला मदत मिळाली होती, आणि आज कसल्याशा उरलेल्या सहीसाठी तो आला होता.

"काय वहिनी, गोणीत काय? वासरू आणलंत की काय?"

"तुमची अक्कल आणलीय भावजी, वाटेत पडलेली दिसली."

तो हसला. आमच्या शेजारी बसला. थोड्या वेळाने बाकाच्या फळीकडे बघत म्हणाला, "माझी सगळी जागच्या जागी होती. बांधलेली. भोंगा झाला तसा मी पोरांना घेऊन पळालो. पंचनामा अर्ध्या तासात झाला. अधिकारी म्हणाला, तुमची केस एकदम स्वच्छ आहे." मावशींनी आपल्या बाटलीतलं पाणी त्याला दिलं.

चार वाजून दहा मिनिटांनी त्रेसष्ट पुकारला.

खिडकीतला कारकून तिशी-पस्तिशीचा, डोळे तांबारलेले, समोर थर्मास. वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. त्याने पुस्तक पाहिलं, नंबर पडताळले, "कागद चांगले ठेवलेत बाई," म्हणाला. मावशींनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. मग त्याने माझा अर्ज वाचायला घेतला. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. ते माझ्या त्या वाक्यापाशी आले आणि तिथेच थांबले.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हणाले. अजून मला कौतुकाचीच अपेक्षा होती, देवा.

"दावी कापून मोकळे केले?"

"हो ना," मावशी पुढे झाल्या. सुतळी सोडून त्यांनी गोणी खिडकीच्या फळीवर उलटी केली. सात दावी. रंगीबेरंगी, जाड, धुऊन स्वच्छ. एकीकडे आवळलेली गाठ तशीच, दुसरीकडे तिरका काप, एका घावात गेलेला. त्यातल्या एकात निळ्या फुलांची पट्टी होती. माझ्या स्वयंपाकघराचा जुना पडदा. मी तो टाकून देत होते, मावशी मागून घेऊन गेल्या होत्या.

कारकुनाने एक टोक उचलून पाहिलं. "हे तुटलेलं नाही. कापलेलं आहे."

"मग! या हातानं कापलंय."

त्याने दावं खाली ठेवलं आणि डोळे चोळले.

"बाई, नीट ऐका. जनावर गोठ्यात बांधलेलं होतं आणि मेलं, तर मदत. बांधलेलं होतं आणि पाण्याच्या जोराने दावं तुटून वाहून गेलं, तरी मदत. मालकाने स्वतः सोडून दिलं, तर ते बेपत्ता. बेपत्ताला मदत नाही."

"बेपत्ता कसं? मेल्या त्या."

"सोडलेलं जनावर पोहून कुठेही निघतं. लोक सोडून देतात, पैसे घेतात, आठ दिवसांनी जनावर घरी. असं झालंय मागे, म्हणून हा नियम."

"माझी घरी आली असती तर मी इथे कशाला आले असते हो? गोगलवाली पुलाखाली सापडली."

"बिल्ला होता कानात?"

मावशींनी नकारार्थी मान हलवली.

"पण मी बांधून ठेवल्या असत्या," त्या सावकाश म्हणाल्या, समजून घेत असल्यासारख्या, "आणि बघत उभी राहिले असते..."

"तर सातही मंजूर झाल्या असत्या," कारकून म्हणाला. स्वतःचंच वाक्य ऐकून त्याने मान खाली घातली.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आवरा हो, आम्हालाही घरं आहेत." दुसरा म्हणाला, "होती म्हण." दोघंचौघं हसले. असल्या हसण्याला आवाज असतो, दुसरं काही नसतं.

मी बोलायला गेले. नियमाचा हेतू, माणुसकी, अपवाद, काय काय बोलले. कारकुनाने ऐकून घेतलं. मग इकडेतिकडे बघून माझा अर्ज घडी करून खिडकीखालून परत सरकवला आणि त्याच्यावर एक कोरा छापील फॉर्म ठेवला.

"पंचनाम्यात फक्त 'गोठा रिकामा' लिहिलंय. दावी सापडली असं कुठे नाही. मी हा कागद पाहिलेला नाही. ही..." त्याने दाव्यांकडे बोट केलं, "ही पण पाहिलेली नाहीत. भरा आणि एक साक्षीदार आणा. साडेपाचला बंद करतो. आणि हे परत इथे आणू नका."

आम्ही भिंतीशी गेलो. मावशी जमिनीवर बसून दावी एकेक करून गोणीत भरू लागल्या, गुंडाळी करून, घाई न करता. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं. फॉर्मच्या पाचव्या ओळीत प्रश्न होता: घटनेच्या वेळी जनावरे बांधलेली होती काय? समोर दोन चौकोन. होय. नाही. त्याखाली दोन ओळींची जागा, कशी मृत झाली याच्या तपशिलाची.

पेन माझ्या हातात होतं. अर्ज मीच बिघडवला होता. साधं सरळ लिहिलं असतं, "पुरात सात जनावरे गेली," तर कदाचित विचारलंही नसतं कुणी. माझ्या सुंदर अक्षरात मी त्या बाईचं नुकसान करून ठेवलं होतं.

"मावशी, काय करू?"

मावशी गोणीचं तोंड आवळत राहिल्या. शेजारचा गोठेवाला येऊन उभा राहिला होता. त्याला सगळं कळलं होतं.

"लिहा ताई," तो मला म्हणाला. "साक्षीला मी सही करतो. बांधलेली होती, मी पाहिलं, म्हणून."

"तुम्ही पाहिलं कुठे, भावजी? तुम्ही तर नव्हतातच," मावशी म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात, पण त्याचा चेहरा उतरला.

"नव्हतो," तो म्हणाला. "म्हणून तर सही करतो म्हणतोय. माझी अकरा खुंट्याला होती वहिनी, आणि मला सगळ्यांचे मिळाले. लोक म्हणतात, तुझं बरं झालं. घरी जेवताना घास फिरतो तोंडात. एवढं तरी करू द्या."

पाच वाजले. खिडकीतल्या माणसाने थर्मास पिशवीत घातला.

"त्यात गाईंची नावं लिहावी लागतात का?" मावशींनी विचारलं. "की नुसता बिल्ल्याचा नंबर?"

"नुसता नंबर."

"मग लिहा. नंबरच लिहा."

मी 'होय'च्या चौकोनात खूण केली. तपशिलाच्या जागेत लिहिलं, "पाण्याच्या जोराने दावी तुटून सातही जनावरे वाहून गेली." अक्षर चांगलं आलं. मावशींनी तो कागद गुडघ्यावर घेतला, डोळे बारीक करून एकेक शब्द ओठांत पुटपुटत वाचला. 'तुटून'वर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं. मग सही केली. सही करताना त्यांचा हात अजिबात अडला नाही.

पाच वाजून बावीस मिनिटांनी शिक्का बसला.

"मिळेल ना?" मी विचारलं.

"वर पाठवतो. वरून चौकशी झाली, कुणी काही बोललं, तर सांगता येत नाही," कारकून म्हणाला. "महिना, दोन महिने. कधी जास्तही."

"गोठ्याला महिनाअखेरच आहे," मावशी म्हणाल्या, त्याला नाही, मलाही नाही.

खिडकीची फळी खाली आली.

आम्ही जिना उतरलो. शेजारचा गोठेवाला सायकल घेऊन पुढे गेला, वळून दोनदा बघितलं त्याने. इमारतीच्या पायरीवर मावशी बसल्या. मला वाटलं चक्कर आली. नाही. नुसत्याच बसल्या, गोणी मांडीवर घेऊन. समोरून लोक घरी चालले होते, हातात भाजीच्या पिशव्या, दुधाची पाकिटं.

"चौदा वर्षं तुम्हाला दूध घातलं, ताई. एक थेंब पाणी नाही घातलं कधी."

"मला माहीत आहे, मावशी."

"आज घातलं."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. माझ्या मनात शंभर गोष्टी येत होत्या. जागेच्या मालकाला भेटू, ह्यांना सांगून महिनाभर मुदत मागू, गल्लीत सगळ्यांना विचारू, काहीतरी करू. तसं म्हणालेही. त्यांनी मान हलवली, एखादं मूल बोलतंय आणि त्याचा हिरमोड करायचा नाही, अशी.

मग गोणीत हात घालून त्यांनी एक दावं बाहेर काढलं, निळ्या फुलांचं, आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मास्तरणीचं होतं ते. गाठीत एक पांढरा केस अडकलेला होता, धुऊनही न निघालेला.

"तिथे वर आता लिहून ठेवलंय की मी त्यांना बांधून ठेवलं आणि निघून गेले," त्या म्हणाल्या. "राहू दे ते. पोटासाठी केलं. पण ताई, एक कराल का? घरी गेल्यावर, सवडीनं, एका कागदावर खरं लिहून ठेवा. कुणाला दाखवू नका हवं तर. सातही दावी मी कापली होती, एवढंच लिहा."